सर जोसेफ भोर आणि शाळेतील मुलांचे आरोग्य

भोर हे नाव निघाले म्हणजे आमच्या ह्या भागातील वाचकांच्या मनात नीरा नदी, पंतसचिवांचा वाडा आणि वरंधा घाटाची वाट उभी राहते. परंतु आरोग्य खात्यात भोर म्हटले म्हणजे एका गृहस्थांचे नाव समजले जाते. परिचारिका, आरोग्यसेवक व डॉक्टर ह्यांच्या अभ्यासक्रमात भोर समितीचा धडा असतो. आणि ज्यांच्यावरून त्या समितीस हे नाव पडले, ते तिचे अध्यक्ष सर जोसेफ विल्यम भोर हे आपल्याच मराठी ख्रिस्ती समाजातील होते. ते भोर गावचे रहिवासी नव्हते. त्यांचा जन्म नाशिकास झाला. तथापि भोर व वेल्हे ह्या तालुक्यांतील शाळांत आज मुलांची जी वैद्यकीय तपासणी होते, तिच्यामागील विचार ज्या अहवालात सबंध देशासाठी एकत्र मांडला गेला, तो अहवाल ह्या गृहस्थांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे, आणि त्यांच्या कार्यापैकी शाळेतील मुलांविषयीचा भाग विशेषेकरून वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

जोसेफ भोर ह्यांचा जन्म ता. ६ एप्रिल १८७८ रोजी झाला. त्यांचे वडील रावसाहेब आर. जी. भोर हे होत. मुलाचे शिक्षण पुण्यात बिशप्स हायस्कूल व डेक्कन कॉलेज येथे झाले, आणि पुढे ते विलायतेस जाऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. त्यांच्या तरुणपणीचा तो काळ महाराष्ट्रास फार कठीण गेला. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. घरे ओस पडली, माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. पाठोपाठ १८९९–१९०० चा मोठा दुष्काळ आला. रोग आणि उपास ही दोन संकटे एकमेकांचा हात धरून येतात, व त्यांचा पहिला घाला लेकरांवर पडतो, हे त्या पिढीच्या प्रत्येक विचारी मनुष्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

१९०२ साली भोर इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले व त्यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. त्या काळी ह्या नोकरीत हिंदी मनुष्य क्वचितच दृष्टीस पडे. १९११ साली त्यांचा विवाह मार्गारेट विल्की स्टॉट ह्या बाईंशी झाला. ह्या बाई स्वतः डॉक्टर होत्या. पतीचा धंदा राज्यकारभाराचा व पत्नीचा वैद्यकीचा, असा हा संसार होता. पुढे भोरसाहेबांच्या हातून जे सर्वांत मोठे काम झाले, त्यात ह्या दोन्ही धंद्यांचा मिलाफ दिसतो, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

१९१४ पासून १९१९ पर्यंत भोर हे कोचीन संस्थानाचे दिवाण होते. पहिल्या महायुद्धाची ती वर्षे होती. संस्थान लहान, उत्पन्न बेताचे, आणि त्यातून प्रजेच्या गरजा भागवावयाच्या, हे काम कसे असते ते आमच्या भोर संस्थानच्या जुन्या रहिवाशांच्या घराण्यांतून ऐकावयास मिळते. पैसा थोडा असला म्हणजे प्रथम काय करावे आणि नंतर काय करावे, ह्याचा निवाडा कारभाऱ्यास रोजच करावा लागतो. भोरसाहेबांच्या अंगी हा गुण चांगला बाणला होता, असे त्यांच्या पुढील कार्यावरून म्हणता येते.

दिवाणगिरीनंतर त्यांस लंडन येथे हिंदुस्थानच्या हायकमिशनरच्या कचेरीत नेमण्यात आले, व १९२२–२३ मध्ये त्यांनी त्या जागेचे काम हंगामी म्हणून पाहिले. परत आल्यावर ते हिंदुस्थान सरकारच्या शिक्षण, आरोग्य व जमीन ह्या खात्याचे सचिव झाले. शिक्षण आणि आरोग्य ही दोन खाती त्या वेळी मध्यवर्ती सरकारात एकाच छपराखाली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सायमन कमिशनच्या कामीही त्यांनी सचिव म्हणून काम केले. १९३० साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. प्रथम उद्योग व मजूर, आणि १९३२ पासून १९३५ पर्यंत व्यापार व रेल्वे ही खाती त्यांच्याकडे होती. जपानशी कापसाच्या व कापडाच्या व्यापाराविषयी १९३३–३४ मध्ये जी वाटाघाट झाली, तीत हिंदी बाजूचे पुढारीपण त्यांच्याकडे होते. हे सर्व मानाचे. परंतु ह्या मानाच्या जागा आज फारशा कोणाच्या स्मरणात नाहीत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांच्याकडे जे काम आले, त्यानेच त्यांचे नाव टिकून राहिले आहे.

ते काम सांगण्यापूर्वी शाळेतील मुलांच्या तपासणीचा मागील इतिहास थोडा सांगणे अवश्य आहे. विलायतेत बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होण्यास आलेल्या तरुणांपैकी पुष्कळ शरीराने नालायक ठरले. ह्याचे कारण शोधण्यास सरकारने एक समिती नेमली. तिचा अहवाल १९०४ साली बाहेर आला. अशक्त तरुणाचे मूळ अशक्त बालकात असते, हे तेव्हा सर्वांस दिसून आले. मग १९०६ साली शाळेतील गरीब मुलांस अन्न देण्याचा, व १९०७ साली शाळेत वैद्यकीय तपासणी करण्याचा, असे दोन कायदे झाले. आधी भाकरी आणि मग तपासणी, असा हा क्रम होता.

आपल्या देशात ह्या कामाचा आरंभ एका मराठी राजाच्या राज्यात झाला. महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे ह्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला, व १८७५ साली ते दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसले. १८९३ साली त्यांनी अमरेली येथे सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. मुलास शाळेत येण्याची सक्ती करावयाची, तर ते मूल शाळेत बसण्याजोगे आहे की नाही हे पाहण्याचे ओझेही सरकारवर येते. १९०९ साली बडोदे शहरात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी करण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिलीच होय.

बडोद्याचे पाहून इतर प्रांतांतही हे काम अधूनमधून सुरू झाले, परंतु बहुतेक ठिकाणी ते मूळ धरू शकले नाही. ह्याचे कारण समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. डॉक्टर शाळेत येई, मुलांस रांगेत उभे करी, जीभ व डोळे पाही, वहीत टिपण करी व निघून जाई. ज्या मुलाचा कान वाहतो त्याच्या नावापुढे तसे लिहिले जाई. परंतु कानात औषध घालण्याची सोय कोठेच नसे. पुढील वर्षी डॉक्टर येई, तेव्हा कान वाहतच असे आणि वहीत पुन्हा तेच लिहिले जाई. आईबापांचा विश्वास उडे, शिक्षकांचा उत्साह मावळे, आणि पैशाची टंचाई आली म्हणजे सरकार प्रथम ह्याच खर्चास कात्री लावी. तपासणी होते पण उपचार होत नाही, हे ह्या कामाचे जुने दुखणे आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. १९४३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात हिंदुस्थान सरकारने आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली व सर जोसेफ भोर ह्यांस तिचे अध्यक्ष केले. दुसरे महायुद्ध चालू होते, आणि त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लक्षावधी माणसे मरत होती. अशा वेळी शांतपणे बसून पुढील ४० वर्षांचा विचार करणे, हे धैर्याचेच काम म्हटले पाहिजे. अध्यक्ष स्वतः डॉक्टर नव्हते. समितीत डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांच्यासारखे नामांकित वैद्यकवेत्ते होते, तसेच मजुरांचे पुढारी ना. म. जोशी हेही होते. आणि बडोदे संस्थानाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. चंद्रचूड ह्यांचाही त्यात समावेश होता. परदेशांतून हेन्री सिगरिस्ट, जॉन राइल इत्यादी तज्ज्ञ सल्ला देण्यास आले. अहवाल १९४६ साली ४ खंडांत प्रसिद्ध झाला.

अहवालात देशाची जी स्थिती दाखविली होती ती वाचून मन खिन्न होते. जन्मलेल्या बालकाने सरासरीने सुमारे २७ वर्षे जगावे, एवढेच आयुष्य हिंदी मनुष्याच्या वाट्यास येत होते. १,००० मुले जन्मली तर त्यांपैकी १६२ वर्षाच्या आत मरत. एकंदर मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे १० वर्षांच्या आतील मुलांचे असत. इंग्लंडात हेच प्रमाण दहाव्या हिश्शाच्या आसपास होते. दरसाल निदान १० कोट लोकांस हिवताप येई. क्षयाचे सुमारे २५ लक्ष रोगी होते, आणि त्यांच्यासाठी सबंध देशात खाटा होत्या सुमारे ६,०००. दर ६,३०० लोकांस एक डॉक्टर व दर ४३,००० लोकांस एक परिचारिका, असा हिशेब पडत होता. आणि हे डॉक्टरही बहुतेक शहरांत राहत, खेड्यांच्या वाट्यास फार थोडे येत.

हे आकडे ब्रिटिश हिंदुस्थानचे होत. भोर व वेल्हे हा मुलूख त्या वेळी पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता, त्यामुळे गुंजण मावळातील किंवा हिरडस मावळातील लेकरे त्या मोजणीत धरलेलीच नव्हती. ता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले, आणि तेव्हापासून अहवालात सुचविलेली योजना आमच्या डोंगरखोऱ्यांसही लागू झाली.

समितीने काय सुचविले? पहिली गोष्ट ही की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही मनुष्य उपचारावाचून राहता कामा नये. दुसरी, रोग झाल्यावर औषध देणे आणि रोग होऊ न देणे ही कामे वेगवेगळ्या खात्यांत विभागून न ठेवता एकाच ठिकाणी, एकाच माणसांकडून व्हावीत. तिसरी, आरोग्याची सेवा लोकांच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी, आणि खेड्यातील शेतकऱ्याकडे प्रथम लक्ष द्यावे. ह्यासाठी दर ४०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, तेथे दोन डॉक्टर, घरोघर जाणाऱ्या आरोग्य परिचारिका, सुइणी व इतर माणसे असावीत, आणि गावोगावी लोकांच्या आरोग्य समित्या स्थापून त्यांचे साहाय्य घ्यावे, अशी योजना आखण्यात आली. प्राथमिक आरोग्य केंद्र हा शब्द आज प्रत्येक खेडुताच्या तोंडी आहे. त्याचा उगम ह्या अहवालात आहे.

शाळेतील मुलांविषयी समितीने स्वतंत्रपणे विचार केला. देशात शाळा-आरोग्याचे काम एक तर मुळीच नाही, किंवा असले तर बाल्यावस्थेत आहे, असा तिचा निष्कर्ष होता. ह्या कामाचे तिने दोन भाग पाडले. पहिला भाग रोग व व्यंगे शोधून काढून ती बरी करण्याचा, आणि शाळा व तिच्या भोवतालची जागा स्वच्छ ठेवण्याचा. दुसरा भाग मुलाचे आरोग्य वाढविण्याचा. त्यात पोटभर सकस अन्न, खेळ व व्यायाम, आणि आरोग्याचे शिक्षण ही येतात. शोधणे आणि बरे करणे ही दोन कामे तिने एकत्र बांधली, हे विशेष लक्षात घ्यावे. ज्या आरोग्य केंद्राने मुलास तपासावयाचे, त्याच केंद्राने त्यास औषध द्यावयाचे; म्हणजे नुसत्या टिपणाने काम संपल्याचे समाधान कोणास मानता येणार नाही. शिक्षकास थोडे शिक्षण देऊन काही कामे त्याच्याकडे सोपवावीत, असाही समितीचा विचार होता. कारण डॉक्टर वर्षातून एकदा येतो, परंतु शिक्षक मुलास रोज पाहतो.

दोन वर्षे आधी, १९४४ साली, युद्धोत्तर शिक्षणाविषयीचा सार्जंट अहवाल प्रसिद्ध झाला होता. त्यातही मुलाची तपासणी ६, ११ व १४ ह्या वयांत करावी असे सुचविले होते. शिक्षण खाते आणि आरोग्य खाते ह्या दोहोंनी एकाच काळी एकच गोष्ट सांगावी, ह्यावरून तिची निकड किती होती हे दिसते. आजारी मुलास शिकविणे म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणे होय, हे दोन्ही खात्यांस कळून चुकले होते.

अहवालावर टीकाही झाली. खर्चाचा आकडा पाहून पुष्कळांनी ही योजना स्वप्नवत ठरविली. आयुर्वेद व युनानी वैद्यकास समितीने आपल्या योजनेत फारसे स्थान दिले नाही, त्यांचा निर्णय प्रांतांवर सोपविला; ज्या खेड्यांत वैद्याखेरीज दुसरे कोणीच नव्हते, त्यांचा विचार करता ही उणीव मोठी होती. स्वातंत्र्यानंतरही योजना होती तशी पुरी अंमलात आली नाही. समितीने मागितली होती तेवढी माणसे आणि तेवढा पैसा आरोग्य केंद्रांस बहुधा मिळाला नाही. तथापि वाट मात्र तीच राहिली. ता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली, आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. पुढे डोंगराळ व आदिवासी मुलुखासाठी २०,००० वस्तीस एक केंद्र व ३,००० वस्तीस एक उपकेंद्र असे प्रमाण ठरले. वेल्ह्यासारख्या विरळ वस्तीच्या भागास ह्याचा उपयोग विशेष आहे.

शाळेकडेही लक्ष गेले. भोर समितीतील डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार हेच पुढे माध्यमिक शिक्षण आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि १९५३ साली त्या आयोगाने मुलांची वैद्यकीय तपासणी व शाळेतील आहार ह्यांवर जोर दिला. १९६० साली श्रीमती रेणुका रे ह्यांच्या अध्यक्षतेखाली शाळा-आरोग्य समिती नेमली गेली. शाळेतील दुपारच्या जेवणाची राष्ट्रीय योजना १९९५ साली सुरू झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. ह्या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा डॉक्टरांचे पथक येते. जन्मजात व्यंगे, रोग, पोषणातील उणिवा आणि वाढीतील अडथळे अशी ३० दुखणी पाहिली जातात, व हृदयावरील शस्त्रक्रियेपर्यंतचा उपचार फुकट करण्याची तरतूद आहे. ह्या पथकांत आयुर्वेद व होमिओपॅथी शिकलेले डॉक्टर काम करतात. ज्यांस भोर समितीने बाजूस ठेविले, त्यांच्याच हातून तिचा हेतू आज खेड्यापाड्यांत पुरा होत आहे, हे पाहून कौतुक वाटते.

आता आमच्या भागाविषयी दोन शब्द. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. नाव कोणतेही घ्या, तोरणा व राजगड ह्यांच्या पायथ्याची ती खोरी तीच आहेत. कानद खोरे, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, हिरडस मावळ, ह्या ठिकाणी आषाढ-श्रावणात पाऊस कसा कोसळतो हे वाचकांस सांगावयास नको. मुले ओढे ओलांडून, भिजत शाळेत येतात. खरूज, नायटा, पोटातील जंत, वाहणारा कान, किडलेले दात, रक्ताची उणीव, कमी दिसणे, ही त्यांची नेहमीची दुखणी. ह्यांपैकी एकही दुखणे असे नाही की ज्याचा उपाय अवघड आहे. जंतांची गोळी शाळेत फुकट मिळते; लोहाची गोळी आठवड्यातून एकदा द्यावयाची असते. परंतु उपाय न झाला तर त्याच दुखण्यांनी मुलाचे शिक्षण बुडते. फळ्यावरील अक्षर दिसत नाही म्हणून मागे पडलेल्या मुलास मठ्ठ म्हणतात. कानाने ऐकू येत नाही त्यास हट्टी म्हणतात. अंगात रक्त नाही म्हणून पेंगणाऱ्या मुलीस आळशी म्हणतात. आणि एक दिवस ती शाळेत येईनाशी होते.

पथक शाळेत आले, मुलास तपासले, व पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या असे सांगून चिठ्ठी दिली, येथपर्यंत काम बहुधा ठीक होते. पुढेच घोटाळा आहे. चिठ्ठी दप्तरात राहते. बापास एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी. पकडून पुण्यास जावयाचे असते; तेथे कोणत्या खिडकीशी उभे राहावे हे त्यास ठाऊक नसते; एकदा गेला आणि पुन्हा या असे सांगितले तर तो दुसऱ्यांदा जात नाही. कित्येक घरांत बाप मुंबईस किंवा पुण्यास कामावर असतो व मूल आजीजवळ वाढते. आजीस चिठ्ठी वाचताही येत नाही. अशा रीतीने शंभर वर्षांपूर्वी जे दुखणे होते तेच नव्या रूपाने पुढे येते. तपासणी झाली, उपचार राहिला.

ही दरी भरून काढणे केवळ सरकारच्या हातचे नाही. भोर समितीने गावोगाव लोकांच्या समित्या सुचविल्या होत्या त्या ह्याचसाठी. आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्या मंडळींस आम्ही इतकेच सुचवितो की, शाळेत पथक कोणत्या दिवशी येणार आहे हे गुरुजींकडून विचारून घ्यावे; त्या दिवशी कोणाही घरचे मूल शाळेबाहेर राहू नये असे पाहावे; ज्यांस चिठ्ठी मिळाली त्यांची नावे लिहून ठेवावीत; आणि ज्या घरी नेणारे माणूस नाही, तेथील मुलाबरोबर मंडळीतील एकाने दवाखान्यात जावे, मग ते मूल कोणत्याही जातीचे वा धर्माचे असो. अंगणवाडीच्या ताई व आशाताई ह्या कामी वाट दाखवितात, त्यांच्याशी बोलावे. शिक्षकबंधूंनी वर्षारंभी एवढे तरी पाहावे की, मागील बाकावरील मुलास फळा दिसतो काय, हाक मारल्यास ऐकू येते काय, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या आहेत काय, आणि मूल घरून काही खाऊन आले आहे काय. ह्यास डॉक्टर लागत नाही.

सर जोसेफ भोर १९६० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्राथमिक आरोग्य केंद्रे नुकतीच कोठे उभी राहू लागली होती. अंगावर पदव्या व मानाची पदे पुष्कळ आली, परंतु वृद्धापकाळी हाती आलेले, तसे पाहिले तर वेतनाने वा मानाने मोठे नसलेले एक काम त्यांनी मन लावून केले, आणि त्या कामात शहरातील श्रीमंतांऐवजी खेड्यातील शेतकरी व त्याचे लेकरू ह्यांस पुढे बसविले. त्या वेळी सरासरी २७ वर्षे जगणारा आपला देश आज सुमारे ७० वर्षे जगतो. ह्याचे श्रेय एका मनुष्यास देता येणार नाही. लस, स्वच्छ पाणी, पोटभर अन्न, शिकलेल्या आया आणि हजारो परिचारिका ह्यांचा तो वाटा आहे. परंतु ज्यांनी वेळीच हिशेब मांडून वाट आखून दिली, त्यांत भोरसाहेबांचे नाव घ्यावेच लागते. आमच्या खोऱ्यांतील शाळांत येत्या वर्षी पथक येईल, चिठ्ठ्या दिल्या जातील. त्यांपैकी किती चिठ्ठ्यांचा उपचार पुरा झाला, एवढा हिशेब जरी आपण गावोगाव ठेविला, तरी त्यांच्या अहवालातील राहून गेलेले काम थोडे पुढे जाईल.